बाळ ‘काचेत’ असताना आईवडिलांनी करायचे तरी काय?

कवडसा | ३ ऑगस्ट, रात्री १०:४२

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचे वजन १,२४० ग्रॅम होते. नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात ती ४३ दिवस होती. आज ती सव्वा वर्षाची आहे, दिवाणाला धरून चालते आणि सापडेल ती चप्पल तोंडात घालते. त्यामुळे तिच्या प्रकृतीविषयी मला काहीही विचारायचे नाही. विचारायचे आहे ते आम्हा मोठ्यांविषयी.

गेल्या आठवड्यात एका सराफाच्या दुकानात शिरताना दारातल्या माणसाने हातावर सॅनिटायझर दिले आणि तो वास नाकात जाताच माझ्या पायांतले बळ गेले. पुढची दहा मिनिटे मी पायरीवर बसून होते. बाळ घरी आले, वजन वाढले, डोळ्यांची आणि कानांची तपासणी पार पडली, म्हणजे तो काळ संपला असे मी धरून चालले होते. तो संपलेला नाही, हे त्या पायरीवर कळले.

‘बाळ काचेत ठेवले आहे’ एवढे म्हटले की आपल्याकडे सर्वांना अर्थ कळतो. ऐकणारा आवाज खाली आणतो आणि पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. मला त्या काचेचा धाक वाटत नव्हता. नळ्या, तारा, नाकाला लावलेले यंत्र, निळा दिवा, या सगळ्यांची सवय आठ दिवसांत झाली. सवय झाली नाही ती रिकाम्या हातांची. सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे भेटायला परवानगी होती. त्या काचेच्या उबदार पेटीवरच्या (इन्क्युबेटरवरच्या) चिठ्ठीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझे नाव होते, आणि तरीही त्या खोलीत सर्वांत कमी काम माझ्याकडे होते. डॉक्टरांशी रोजचे बोलणे, ज्याला तिथे ‘काउन्सेलिंग’ म्हणतात, तीन मिनिटांत आटपत असे आणि त्यातला ‘स्टेबल’ हा एकच शब्द घेऊन आम्ही घरी येत असू.

घरी वेगळेच चालले होते. आई शेक देत होती, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होत होते, मावशीने धाडलेला पाळणा चादर टाकून कोपऱ्यात उभा होता. बाळावाचून बाळंतपण कसे करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सर्व जण नेहमीचेच करत राहिले. सहाव्या रात्री सासूबाईंनी पाट्यावर सटवाई मांडली, कोरा कागद आणि लेखणी ठेवली, आणि बाळाच्या जागी एक झबले ठेवले. मला त्याचा राग आला होता. आज वाटते, त्यांनाही हातांना काहीतरी काम हवे होते.

सतराव्या दिवशी एका सिस्टरने मला विचारले, ‘लंगोट बदलता का?’ पेटीच्या गोल खिडकीतून दोन्ही हात आत घालून मी तो बदलला. मला सात-आठ मिनिटे लागली. त्या दिवसापासून मी नीट जेवू लागले, हे माझ्या नवऱ्याचे निरीक्षण आहे.

या वाटेने गेलेल्यांनी, आणि त्या विभागांत काम करणाऱ्यांनीही, आपले अनुभव कृपया लिहावेत. बाळाला वाचवणारा विभाग आईवडिलांना प्रेक्षक का करतो आणि हे टाळता येते का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

साधामाणूस | ३ ऑगस्ट, रात्री ११:५५

कवडसाताई, आमच्याकडे आई एका रुग्णालयात आणि बाळ दुसऱ्या, अशी स्थिती होती. तालुक्याच्या गावी सिझेरियन झाले, बाळाला श्वास घेता येईना म्हणून रुग्णवाहिकेने पुण्याला आणले, आणि त्या गाडीत मी होतो. बायकोने आपला मुलगा प्रथम माझ्या मोबाइलवर पाहिला. प्रत्यक्ष पाहिला तो चौथ्या दिवशी, टाके सांभाळत जिना चढून. बाळाला आधी मी पाहिले याची खंत तिच्या मनात अजून आहे, आणि ती मला समजते.

बापाचे काम म्हणजे सही करणे, औषधे आणणे आणि पैसे भरणे. काउंटरवर डिपॉझिट, फार्मसीची रांग, रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ, आणि मधल्या वेळात दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोनवर ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणे. मी रडलो नाही, म्हणून सर्वांनी मला कणखर ठरवले. अकराव्या दिवशी पार्किंगवाल्याशी दहा रुपयांवरून मी इतका भांडलो की लोक जमले. तो ताण होता हे मला पुष्कळ उशिरा कळले.

एकच काम मला मनापासून आवडत असे. बायको काढून देई ते दूध स्टीलच्या छोट्या डब्यात, बर्फाच्या पेटीत घालून मी रोज नेत असे. पहिल्या दिवशी ते जेमतेम दोन चमचे होते. सिस्टरांनी ते असे सांभाळून घेतले की मला उगाचच मोठे वाटले.

पैशांविषयी लिहितो, कारण त्याविषयी संकोचाने कोणी बोलत नाही. आमच्या विम्यात बाळाचा समावेश जन्मानंतर ९० दिवसांनी होणार होता, आणि अशा पॉलिसी बऱ्याच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात बालकांचे उपचार बसतात, परंतु रुग्णालय त्या योजनेत असावे लागते. अशा रुग्णालयात योजनेचे काम पाहणारा मदतनीस, म्हणजे ‘आरोग्यमित्र’, बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठावे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार विनामूल्य होतात. हे मला विसाव्या दिवशी कळले.

बालवैद्य | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

मी नवजात बालकांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, तेव्हा मी आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितो आहे असे समजावे.

कवडसा यांनी ‘रिकामे हात’ म्हटले, त्यावर अभ्यास झालेला आहे. अशा पालकांचा ताण मोजण्याची एक प्रश्नावली मार्गारेट माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत: विभागातली दृश्ये आणि आवाज, बाळाचे दिसणे आणि वागणे, आणि आई किंवा वडील म्हणून असलेल्या भूमिकेत पडलेला बदल. निरनिराळ्या देशांत ती वापरली गेली तेव्हा पुष्कळदा तिसऱ्या भागाचे गुण सर्वांत जास्त आले. म्हणजे यंत्रांपेक्षा ‘माझ्या बाळाला मी उचलू शकत नाही’ हे वाक्य अधिक जड ठरते. आम्ही मात्र काउन्सेलिंगमध्ये यंत्रांविषयीच बोलतो, कारण ते आम्हाला येते.

एका गैरसमजाविषयी सांगतो, कारण त्यापायी पालकांच्या रात्री जातात. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९१ दिसला की आई घाबरते, कारण कोविडच्या काळात सर्वांनी ९५ आणि ९८ हे आकडे पाठ केले आहेत. अपुऱ्या दिवसांचे बाळ ऑक्सिजनवर असेल तर आम्ही तो आकडा मुद्दाम ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतो, कारण अतिरिक्त ऑक्सिजनमुळे त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. तसेच बाळाने पाय हलवला की पायावरचा सेन्सर हलतो आणि यंत्र ओरडते. ते ओरडल्यावर सिस्टर आधी बाळाकडे पाहतात आणि मग यंत्राकडे. पालक नेमके उलटे करतात. हे आम्ही पहिल्या दिवशी सांगितले तर किती जणांचे हाल वाचतील, आणि तरीही बहुतेक वेळा सांगायचे राहते. वजनाचेही तसेच आहे: पहिल्या काही दिवसांत ते घटतेच आणि जन्मवजनावर परत यायला दहा ते चौदा दिवस सहज लागतात.

आता भेटीच्या वेळेविषयी. पालकांना बाहेर ठेवण्याचे कारण म्हणून जंतुसंसर्ग सांगितला जातो आणि ती भीती खरी आहे. परंतु तेवढ्यावरून आईला दूर ठेवणे योग्य नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातील पाच रुग्णालयांत एक चाचणी घेतली. भारतातले रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग होते. १ किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाची बाळे प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली गेली आणि त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच आणली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते, ते या पद्धतीत १२ टक्के झाले. आई ज्या उपचाराचा भाग आहे, त्याच उपचारापासून आपण तिला पंधरा मिनिटांच्या वेळापत्रकाने दूर ठेवत होतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये सरकारी नवजात विभागांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांमागे दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातला अनुभव होता. सूचना चांगल्या आहेत. त्या अमलात येतात की नाही हे त्या-त्या विभागाच्या प्रमुखावर अवलंबून असते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

पांढराएप्रन | ४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते योग्यच आहे, पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती बाळे असतात हे त्यांनी लिहिले नाही. ते मीही लिहीत नाही, वाचणाऱ्या पालकांची झोप जाईल. मी जिल्ह्याच्या ठिकाणी बारा वर्षे या विभागात आहे. पालक आत आले की आमचे काम वाढते असे मलाही पूर्वी वाटत असे. नंतर पाहिले की शिकवलेली आई तीन दिवसांत निम्मे काम स्वतः करते: लंगोट बदलते, बाळाचे तोंड पुसते, बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, दूध पाजते, आणि बाळाचा रंग बदलला तर आमच्याआधी हाक मारते.

बोंडले म्हटल्यावर शहरातल्या आया हसतात. त्यांना ते आजीच्या काळातले वाटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूध ओढून गिळण्याची ताकद येण्याआधी आम्ही त्यानेच पाजतो, बाटलीने नाही.

स्पर्शाचे सांगते, कारण तिथे चूक होते. आई प्रथमच हात आत घालते तेव्हा मायेने बाळाच्या पाठीवरून बोट फिरवते आणि बाळ दचकते, हातपाय ताणते, मॉनिटर वाजतो, आणि माझा हात लागल्यामुळे बाळाला त्रास झाला अशी तिची समजूत होते. मग ती पुन्हा हात लावत नाही. इतक्या लहान बाळाची त्वचा कुरवाळणे सोसत नाही. त्याला स्थिर स्पर्श हवा असतो. हात धुऊन, ऊब आणून, एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पोटाशी घेतलेल्या पायांवर ठेवून नुसते थांबावे. दोन मिनिटांत बाळ सैल पडते आणि पाहणाऱ्या आईचे खांदेही खाली येतात.

पालकांना विनंती आहे की सिस्टर घाईत दिसली तरी रोज एकच प्रश्न विचारावा: ‘आज मी बाळासाठी काय करू शकते?’ ‘बाळ कसे आहे’ याचे उत्तर द्यायला आम्हाला परवानगी नसते, ते डॉक्टर देतात. या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकतो.

माईआजी | ४ ऑगस्ट, सायंकाळी ६:०५

माझा धाकटा मुलगा १९७४ मध्ये सातव्या महिन्यात झाला. गावात पेटी नव्हती. सुईणीने त्याला कापसात गुंडाळले, माझ्या सासूबाईंनी तो आपल्या पोटाशी घेतला आणि सव्वा महिना आम्ही दोघी आळीपाळीने त्याला घेऊन बसलो. आता डॉक्टर सांगतात ते वाचून वाटते की आम्ही अडाणीपणाने का होईना, बरोबर केले. अर्थात त्याच आळीत कापसात गुंडाळलेली दुसरी दोन मुले गेली, हेही मला आठवते, म्हणून त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही.

नातीच्या वेळी मात्र मी रोज फोन करून वजन विचारत असे. सून एकदा म्हणाली, ‘आई, परीक्षेचा निकाल विचारल्यासारखे वाटते.’ तेव्हापासून मी ‘तू जेवलीस का’ एवढेच विचारू लागले. शिवाय ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ असे आमच्या पिढीच्या तोंडी असते. ते खरे आहे का, डॉक्टर?

बालवैद्य | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

माईआजी, ते अजिबात खरे नाही. दिवस भरेपर्यंत गर्भात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या आईसमोर हे वाक्य उच्चारले गेलेले मी पाहिले आहे, आणि त्यानंतर तिला सावरायला आम्हाला बरेच दिवस लागले.

ओंटारियोकर | ५ ऑगस्ट, पहाटे ४:१५

आमची जुळी मुले टोरोंटोमध्ये एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. इथे पालकांनी दिवसातले बरेच तास विभागात राहावे, तापमान घ्यावे, डॉक्टरांच्या फेरीत आपल्या बाळाची माहिती आपण सांगावी अशी पद्धत आहे. याच शहरातल्या माउंट सायनाय रुग्णालयातून ती पसरली, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २६ विभागांतल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले तेव्हा बाळांचे वजन अधिक चांगले वाढलेले आणि पालकांचा ताण कमी झालेला आढळला.

मला गंमत वाटली ती या पद्धतीच्या उगमाची. एस्टोनियातल्या टालिन शहरात १९७९ मध्ये परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून आदिक लेविन या डॉक्टरांनी आयांनाच काळजी घ्यायला लावले. बाळाला छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धतही १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा येथे पेट्या कमी पडल्या म्हणून एडगर रे यांनी सुरू केली. म्हणून ‘आपल्याकडे माणसे कमी आहेत, हे आपल्याला कसे जमणार’ हा युक्तिवाद मला पटत नाही; माणसे कमी होती म्हणूनच तर ते सुरू झाले.

तरीही इथे सर्व आलबेल होते असे नाही. एक बाळ आधी घरी आले आणि एक मागे राहिले, तेव्हा घरी असताना रुग्णालयातल्याचा आणि रुग्णालयात असताना घरातल्याचा अपराध वाटत असे. घरच्या भाषेत रडायला कोणी नव्हते, म्हणून आम्ही भारतातल्या सकाळची वाट पाहत असू.

निवडुंग | ५ ऑगस्ट, रात्री ११:३०

हा धागा तीन दिवस वाचते आहे. माझा मुलगा एकोणिसाव्या दिवशी गेला. इथे लिहावे की नाही हे ठरत नव्हते, कारण घरी घेऊन जाणाऱ्यांच्या गप्पांत आमच्यासारख्यांनी काय बोलावे.

शेवटच्या संध्याकाळी डॉक्टरांनी सर्व यंत्रे आवरून त्याला माझ्या मांडीवर दिले आणि पडदा ओढला. कोणी घड्याळ पाहिले नाही. त्याच्या आयुष्यात मी त्याला तेवढेच एकदा घेतले, सुमारे दोन तास. ते दोन तास नसते तर मी आई झाले होते याचा मला स्वतःलाही पुरावा राहिला नसता. बारसे झाले नव्हते, तेव्हा कागदोपत्रीही तो ‘बेबी ऑफ’ असाच गेला. आम्ही त्याचे नाव नंतर ठेवले.

दूध येत राहिले, याविषयी कोणी आधी सांगत नाही. साठवलेले दूध आम्ही मातृदुग्धपेढीला दिले. आशियातली पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली, हे त्या निमित्ताने मला कळले. ज्यांच्याकडे असे घडेल त्यांच्या घरच्यांनी ‘दुसरे होईल’ असे म्हणू नये, एवढेच मागणे आहे.

कवडसा | ६ ऑगस्ट, रात्री १:५०

निवडुंगताई, तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत. त्याचे नाव इथे सांगावेसे वाटले तर आम्ही ऐकू, आणि नाही सांगितले तरी चालेल.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक माहिती राहून गेली होती. २६ आठवड्यांच्या रजेतले माझे सहा आठवडे बाळ पेटीत असतानाच संपले. प्रसूती लाभाच्या कायद्यानुसार अकाली प्रसूतीमुळे आईला आजारपण आले तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. माझ्या कार्यालयाने ती आपणहून सांगितली नाही, मागितल्यावर दिली.

पहाटवारा | ६ ऑगस्ट, रात्री २:४०

मी आत्ता विभागाबाहेरच्या बाकावर आहे. बत्तिसावा आठवडा, १,४८० ग्रॅम, मुलगी, आज पाचवा दिवस. मुलगी ठीक आहे असे सांगतात. माझी पत्नी एकदाही आत गेलेली नाही. ‘मी पाहिले आणि मग काही झाले तर’ असे म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपते. सासूबाई म्हणतात की आईला माया नाही. मी काय करावे हे कृपया कोणीतरी सांगावे.

पांढराएप्रन | ६ ऑगस्ट, रात्री ३:०५

दादा, मी पाळीवरच आहे. मायेचा प्रश्न नाही; मायेपायीच ती घाबरली आहे. अशा आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिला ओढून नेऊ नका. बाळाच्या अंगाखालचे धुवायला काढलेले फडके सिस्टरकडून मागून घ्या आणि तिच्या उशाशी ठेवा. बाळाने काय केले ते सांगा, आकडे सांगू नका: जांभई दिली, बोट धरले, शिंकली. ‘चल’ म्हणण्याऐवजी ‘दारापर्यंत येतेस का’ असे विचारा. सासूबाईंना मात्र बाहेर चहाला न्या आणि स्पष्ट सांगा.

बालवैद्य | ६ ऑगस्ट, सकाळी ७:००

सिस्टरांशी सहमत आहे. त्याबरोबर तिच्या डॉक्टरांना आजच हे सांगा. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे आणि ती भरायला पाच मिनिटे लागतात. झोप अजिबात नसणे, खाणे सोडणे, असंबद्ध बोलणे, स्वतःला किंवा बाळाला काही करावे असे वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर तिला एकटे ठेवू नका आणि तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. तुम्हीही तिथे बोलू शकता. रात्री पावणेतीनला बाकावर तुम्ही बसला होता, हे विसरू नका.

पहाटवारा | ९ ऑगस्ट, रात्री ९:१५

डॉक्टरांशी बोललो, समुपदेशक ताई दोनदा येऊन गेल्या. फडके उशाशी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते तिच्या हातात होते. काल ती दारापर्यंत आली आणि परत गेली. आज आत गेली, स्टुलावर बसली, आणि सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे एक हात डोक्यावर, एक पायांवर असा पंचवीस मिनिटे ठेवला. काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली की बाळाचे कान माझ्या वडिलांसारखे आहेत.

पत्नीचे टाके अजून दुखतात, फार वेळ बसवत नाही. उद्यापासून बाळ छातीशी घेता येईल असे डॉक्टर म्हणतात. ते वडिलांनी केले तर चालते का, की आईनेच करायला हवे?

पांढराएप्रन | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

चालते, आणि तिला बरे वाटेपर्यंत तुम्हीच करा. सकाळी अंघोळ करून या, अत्तर किंवा पावडर लावू नका, पुढून बटणे उघडणारा सैल सदरा घाला, अंगठी आणि गंडा काढून ठेवा, खोकला-सर्दी असेल तर येऊ नका. आधी जेवून घ्या आणि लघवीला जाऊन या, कारण एकदा बाळ छातीवर ठेवले की निदान तासभर तरी उठता येणार नाही.